वळचणीखालचा वणवा

लॉस एंजेलिस शहरात वर्षाला सरासरी ३६० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांच्या वाट्यालाही यापेक्षा बरा पाऊस येतो. पण ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२४ या दोन वर्षांत तिथे धो धो पाऊस झाला. दोन वर्षांची बेरीज सुमारे १३३० मिलिमीटर भरली, म्हणजे सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. त्याआधीची तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या नोंदींतली सर्वांत कोरडी तीन वर्षं होती, त्यामुळे तलाव भरलेले पाहून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाणी वापरावरचे निर्बंध सैल झाले. मग पाऊस थांबला. मे २०२४ पासून जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आठ महिन्यांत, शहरात जेमतेम चार मिलिमीटर पाऊस पडला. ७ जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास समुद्राकाठच्या पॅसिफिक पॅलिसेड्स वस्तीमागच्या डोंगरावर आग दिसली. त्याच संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास तिथून पन्नासेक किलोमीटरवर, सॅन गॅब्रिएल डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या अल्टाडेनाच्या माथ्यावर दुसरी आग भडकली. ३१ जानेवारीला दोन्ही आगी पूर्ण आटोक्यात आल्या, तोवर सोळा हजारांहून अधिक इमारतींची राख झाली होती. मृतांचा आकडा पुढे ३१ वर गेला. आणि या सगळ्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाणीसाठ्यांत पाणी भरपूर होतं.

हा शेवटचा तपशील नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण कोरड्या किनारपट्टीवर राहणारी माणसं वणव्याची काळजी करताना नेमकी पाण्याच्या आकड्यांकडे बघतात. धरण किती टक्के भरलं, यंदा पाऊस सरासरीच्या किती खाली आहे, दुष्काळाच्या नकाशावर आपला तालुका पिवळा आहे की लाल, हे रोज तपासलं जातं. आकडा चांगला आला की जीव भांड्यात पडतो. ही काळजी खरी आहे, पण तिची नजर भलत्या ठिकाणी लागली आहे, असं माझं म्हणणं आहे. पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा दुष्काळ वर्षाच्या बेरजेनं कळतो. वणव्याचा धोका त्या बेरजेनं कळत नाही. तो ठरतो ओल्या-सुक्याच्या क्रमावर आणि वाऱ्याच्या एखाद्या दिवसावर. त्या वाऱ्यात गाव जळणार की वाचणार, हे तर डोंगरापेक्षाही घराच्या भिंतीलगतच्या दीड मीटर जागेवर आणि छपराच्या वळचणीवर ठरतं. काळजी करायची तर ती तिथे करायला हवी, कारण या सगळ्या साखळीत माणसाच्या हातात असलेला दुवा तेवढाच आहे.

आधी डोंगराचं बघू. कॅलिफोर्नियाचा वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच सूचिपर्णी वृक्षांचं जंगल येतं. सिएरा नेवाडाच्या पर्वतरांगेत ते खरंही आहे. दक्षिणेच्या किनाऱ्यावर मात्र जंगल नाहीच. तिथे पुरुषभर उंचीची, दाट, चिवट, सदाहरित झुडपं आहेत आणि त्या रानाला चॅपरल म्हणतात. त्यातलं मुख्य झुडूप शमीस. त्याची पानं सुईसारखी बारीक आणि तेलकट असतात. हे रान पेटण्याजोगं झालं आहे का, हे ओळखायची एक साधी रीत आहे. लॉस एंजेलिस काउंटीच्या अग्निशमन दलाची माणसं १९८१ पासून ठरलेल्या जागी जाऊन शमीसच्या कोवळ्या फांद्यांची टोकं कातरतात, ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरून आणतात आणि वजन करतात. मग तो पाला भट्टीत मंद आचेवर पूर्ण सुकवतात आणि पुन्हा वजन करतात. उडून गेलेल्या पाण्याचं वजन सुक्या पाल्याच्या वजनाच्या किती टक्के, हा त्या दिवसाचा आकडा. वसंतात तो शंभराच्याही वर असतो, म्हणजे झुडपात काष्ठापेक्षा पाणी जास्त. उन्हाळा सरताना तो साठाच्या आसपास येतो. साठाच्या खाली गेला की हिरवं दिसणारं झुडूप वाळल्या सरपणासारखं जळतं. मुद्दा असा, की दोन वर्षांपूर्वी किती पाऊस झाला याची या आकड्याला फारशी आठवण नसते. गेल्या काही महिन्यांत जमीन किती ओली राहिली, एवढंच तो सांगतो. भरलेलं धरण आणि साठाच्या खाली उतरलेला शमीस, हे दोन्ही एकाच आठवड्यात एकाच तालुक्यात असू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये तसंच झालं.

आता वारा. अमेरिकेच्या पश्चिमेला ग्रेट बेसिन नावाचं उंच वाळवंटी पठार आहे. शरद आणि हिवाळ्यात तिथे थंड, जड हवा साचते आणि हवेचा दाब वाढतो. ती हवा कमी दाबाच्या समुद्राकडे वाहू लागते, डोंगरातल्या खिंडींतून घुसते आणि उताराला लागते. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे दहा अंश तापते. मुळात कोरडी हवा तापल्यावर आणखी कोरडी होते. किनाऱ्याला पोचेपर्यंत तिची आर्द्रता कधी कधी दहा टक्क्यांच्याही खाली येते. एरवी समुद्रावरून येणारा दमट वारा पार उलटतो. या वाऱ्यांना सांता आना म्हणतात. ७ जानेवारीला डोंगरमाथ्यांवर त्यांचे झोत ताशी १३० ते १६० किलोमीटरपर्यंत गेले. सांता आना दरवर्षी येतात आणि त्यांचा जोर नेहमी ऑक्टोबर ते जानेवारी या काळात असतो. म्हणजे प्रश्न एवढाच, की वारे सुटायच्या आधी हिवाळी पावसाची पहिली दमदार सर येऊन गेली की नाही. आली, तर तेच वारे येऊन निघून जातात. लांबली, तर रान आठ महिने सुकलेलं आणि वारा तोंडावर, असा योग जुळतो. डिसेंबर २०१७ च्या थॉमस वणव्यात हेच घडलं, जानेवारी २०२५ मध्ये हेच. डॅनियल स्वेन आणि त्यांचे सहकारी हवामानाच्या या टोकाच्या हेलकाव्यांचा अभ्यास करतात. तापमान एका अंशानं वाढलं की हवेची बाष्प धरून ठेवायची कुवत सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पडतो तो पाऊस जोरदार पडतो आणि तापलेली हवा मातीतली ओलही अधिक वेगानं ओढून घेते. ओलं जास्त ओलं आणि सुकं जास्त सुकं, असा हा झोका आहे.

यातूनच चांगल्या पावसाचं वर्ष धोक्याचं का ठरतं, हेही कळतं. पाऊस भरपूर झाला की गवत आणि रानमोहरी माजते. ही गवतं तिथली नाहीत. स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या गुरांबरोबर आणि चाऱ्याबरोबर ती भूमध्य सागराच्या प्रदेशातून आली. पाऊस संपला की काही आठवड्यांत ती वाळून पिवळी पडतात आणि काडीनं पेटतात. चॅपरल मुळात तीस ते दीडशे वर्षांतून एकदा जळणारं रान आहे. तेवढ्या अंतरानं जळालं तर ते बुंध्यातून, बियांतून पुन्हा उभं राहतं. पाच-दहा वर्षांनी पुन्हा पुन्हा जळालं, तर झुडपं थकून मरतात, त्यांची जागा गवत घेतं आणि गवत दरवर्षी जळायला तयार असतं. हवाईच्या माउई बेटावर लाहायना नावाचं गाव होतं. बेटाची ती बाजू डोंगराच्या पर्जन्यछायेत, म्हणजे समुद्राला लागून असूनही कोरडी. तिथला साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. उसाची शेतं ओस पडली आणि त्यांत गिनी गवत वाढलं. आपल्याकडचे दूधवाले शेतकरी जनावरांना घालतात तेच हे गिनी गवत. ८ ऑगस्ट २०२३ ला डोंगरावरून खाली झेपावणाऱ्या वाऱ्यात त्या गवतातून आग गावात शिरली आणि १०२ माणसं गेली. तिथे जंगल जळालं नाही, गवत जळालं आणि मग गाव जळालं.

गाव कसं जळतं, हा या विषयाचा गाभा आहे. ज्वाळांची मोठी भिंत डोंगरावरून उतरते आणि घरांना गिळत जाते, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. अमेरिकी वन खात्याचे संशोधक जॅक कोहेन यांनी आयुष्यभर या चित्राची तपासणी केली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या शेंड्यापर्यंतच्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून ठेवल्या होत्या. झाडांपासून दहा मीटरवरच्या भिंती कधी पेटल्या, कधी नुसत्या होरपळल्या. वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्याच नाहीत. जंगलातली प्रचंड आगसुद्धा थोड्या अंतरावरून घराला निव्वळ उष्णतेनं पेटवू शकत नाही, कारण एका जागी ती मिनिटभरच टिकते. मग शेकडो मीटर दूरची घरं जळतात कशानं? निखाऱ्यांनी. वाऱ्याबरोबर उडालेले नखाएवढे निखारे लाखोंच्या संख्येनं येतात आणि घरात शिरायला फट शोधतात. दक्षिण कॅरोलायनात विमा उद्योगानं उभारलेलं एक संशोधन केंद्र आहे. तिथे १०५ अजस्र पंख्यांच्या भिंतीपुढे खरं, पूर्ण आकाराचं घर उभं करतात आणि त्यावर निखाऱ्यांचा मारा करतात. पन्हळीत साठलेला वाळका पाचोळा धुमसू लागतो आणि छपराच्या कडेखाली आग लागते. माळ्याला हवा मिळावी म्हणून वळचणीला ठेवलेल्या झरोक्यांतून निखारे आत जातात आणि घर आतून पेटतं. भिंतीलगत शोभेसाठी पसरलेला लाकडाचा भुसा, पायपुसणं, व्हरांड्यातल्या खुर्चीची गादी, प्लॅस्टिकचा कचऱ्याचा डबा आणि सर्वांत वाईट म्हणजे घराच्या भिंतीला येऊन टेकलेलं लाकडी कुंपण, ही आगीच्या प्रवेशाची दारं. एक घर पेटलं की ते तासन्‌तास जळत राहतं आणि आता तेच शेजारच्या घराचं इंधन होतं. अल्टाडेनाच्या छायाचित्रांत राखेच्या चौकोनांच्या मध्ये हिरवी झाडं उभी दिसतात. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज नावाचं गाव जळालं तेव्हाही तसंच दिसलं होतं. झाडांनी घरं जाळली असती तर झाडं आधी गेली असती.

यावर पहिला आक्षेप असा, की आग घरापर्यंत येऊच का द्यायची? डोंगर आधीच थोडा थोडा जाळून किंवा साफ करून ठेवा. या आक्षेपामागे इतिहास आहे. किनाऱ्यावरचे चुमाश लोक शेकडो वर्षं ठराविक जागी, ठराविक ऋतूत रान जाळत. १७९३ मध्ये तिथला स्पॅनिश गव्हर्नर अरिलागा यानं फर्मान काढून ते बंद केलं. सिएराच्या जंगलांत शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत राहिल्यानं जमिनीवर इंधनाचे ढीग साचले, हेही खरं, आणि तिथे जाणतेपणानं रान जाळण्याची आज नितांत गरज आहे. पण सिएराचं औषध किनाऱ्याला लागू पडत नाही. तिथे रान आधीच गरजेपेक्षा जास्त वेळा जळतं आहे. आणखी जाळलं तर झुडपांच्या जागी गवत येणार. जॉन कीली यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत, की सांता आना वाऱ्यात भडकलेली आग कोवळ्या रानातूनही जाते, कारण तिला वारा ढकलत असतो. आपल्याकडे वन खातं जशा जाळरेषा काढतं, तसे रान साफ केलेले पट्टे तिथेही आहेत. त्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की अग्निशमन दलाला तिथवर पोचून उभं राहता आलं तिथेच बहुतांशी ते पट्टे उपयोगी पडले. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात निखारे असे पट्टे सहज ओलांडून जातात. वस्तीच्या अगदी कडेचा पट्टा ठेवावा, राखावा. दूरच्या डोंगरावर बुलडोझर फिरवून गाव वाचत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो जानेवारी २०२५ मध्ये फार संतापानं घेतला गेला. पॅलिसेड्समध्ये रस्त्यावरच्या काही हायड्रंटना पाणी नव्हतं. डोंगरावरच्या तीन टाक्या, प्रत्येकी सुमारे ३८ लाख लिटरच्या, ७ तारखेच्या दुपारपासून ८ च्या पहाटे तीनपर्यंत एकेक करून रिकाम्या झाल्या. वर ४४ कोटी लिटरचा सांता इनेझ जलाशय आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी जवळजवळ वर्षभर कोरडा होता. लोकांचा राग योग्य होता. वणव्याच्या हंगामात जलाशय रिकामा ठेवू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही हे समजून घ्यावं, की शहराची पाण्याची व्यवस्था एखादं-दुसरं घर विझवण्यासाठी बांधलेली असते. त्या रात्री सलग पंधरा तास नेहमीच्या चौपट मागणी होती आणि जळून पडलेल्या प्रत्येक घराचे फुटलेले नळ तेच पाणी जमिनीवर सांडत होते. वाऱ्यामुळे पाणी टाकणारी विमानं उडूच शकली नाहीत. एका वेळी हजार घरं पेटली तर हजार बंब कुठल्याही शहराजवळ नसतात. बंबांनी वाचवायची घरं मूठभर उरावीत, यासाठी बाकीच्यांनी स्वतःहून न पेटणं, हाच मार्ग उरतो.

मग अशा जागी राहायचंच कशाला, असं तिसरा आक्षेप विचारतो. त्यात तथ्य आहे. डोंगराच्या घळीत, एकाच अरुंद रस्त्याच्या टोकाला नव्या वसाहती मंजूर करणं थांबवायला हवं. हे मी निःसंकोच म्हणेन. पण अल्टाडेनाचा जळालेला बराचसा भाग काही रानात नव्हता. सरळ रस्त्यांचं, शेजारी शेजारी घरांचं ते जुनं गाव होतं. इतर वस्त्यांत ज्यांना घर घेऊ दिलं जात नव्हतं अशा कृष्णवर्णीय कुटुंबांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरं राखली होती. आग संध्याकाळी सव्वासहाला लागली. गावाच्या पश्चिम भागाला बाहेर पडण्याचा आदेश पहाटे तीननंतर मिळाला, जवळजवळ नऊ तासांनी. त्या आगीतले मृत्यू जवळपास सगळे या पश्चिम भागातले आहेत, आणि त्यांत म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं बरीच होती. या लोकांना ‘तिथे राहायलाच नको होतं’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. निखारे किलोमीटर-दोन किलोमीटर उडतात. तेवढ्या अंतरातली सगळी वस्ती उठवायची तर अर्धं दक्षिण कॅलिफोर्निया उठवावं लागेल.

ठिणगी कुठून येते, हा प्रश्नही नेहमी पुढे येतो. किनाऱ्यावर विजा क्वचित पडतात, तेव्हा जवळपास प्रत्येक आग माणसामुळेच लागते. पॅलिसेड्सची आग नववर्षाच्या पहाटे लागलेल्या एका छोट्या आगीतून, जमिनीखाली मुळांत सहा दिवस धुमसून वर आली, असं केंद्रीय तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. अल्टाडेनाच्या बाबतीत उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांवर संशय आहे आणि कज्जे चालू आहेत. पॅराडाइजचं प्रकरण तर शाबीत झालेलं आहे. जवळजवळ शंभर वर्षं जुन्या वाहिनीचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला, ८५ माणसं मेली आणि २०२० मध्ये त्या वीज कंपनीनं ८४ मृत्यूंबद्दलचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. वीज कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण कोट्यवधी माणसांच्या प्रदेशात दर वाऱ्याच्या दिवशी एकही ठिणगी पडणार नाही, या भरवशावर गाव ठेवता येत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप त्या दीड मीटरबद्दलच आहे. कॅलिफोर्नियानं २०२० मध्ये कायदा केला, की धोक्याच्या पट्ट्यात घराच्या भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगं काही असू नये. नियम २०२३ च्या सुरुवातीला यायचे होते. ती मुदत टळली. जानेवारीच्या आगींनंतर राज्यपालांनी २०२५ च्या अखेरपर्यंत काम संपवण्याचा आदेश काढला आणि मग जाहीर सुनावण्यांना लोटलेली माणसं कडाडून भांडली. वडिलांनी लावलेलं झाड तोडायचं का? खिडकीखालचा गुलाब उपटायचा का? तापत चाललेल्या शहरात सावली घालवायची का? आणि हा सगळा खर्च पेन्शनवर जगणाऱ्या बाईनं करायचा का? यातला प्रत्येक प्रश्न खरा आहे. पाणी घातलेलं, वाळक्या फांद्या काढलेलं मोठं झाड आणि भिंतीला चिकटलेलं जुनिपरचं वाळकं झुडूप यांत फरक आहे. नियमांनी तो फरक करायला हवा. उंच झाडाची सावली ठेवून त्याखालचा पाचोळा झाडून काढता येतो. पण भिंतीलगतचं लाकडी कुंपण, भुसा आणि झुडपं यांच्याबाबत सवलत मागण्यात अर्थ नाही. आपल्या कोकणातल्या जुन्या घरापुढच्या अंगणासारखी ही जागा हवी: सारवलेली, झाडलेली, मोकळी. ते अंगण भात झोडपायला आणि वाळवणाला होतं, पण निखारा पडून तिथेच विझेल अशी जागा म्हणजे नेमकी तीच. खर्चाचं म्हणाल, तर झरोक्यांना दीड ते तीन मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी बसवणं आणि कुंपणाचा भिंतीलगतचा शेवटचा तुकडा काढून तिथे पत्रा लावणं, ही काही शे डॉलरची कामं आहेत. छप्पर बदलणं महाग आहे, आणि तिथे सरकारनं पैसा घातला पाहिजे.

सरकार उशीर करतं तेव्हा काय होतं, हे याच शहरानं पाहिलं आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये बेल-एअरच्या डोंगरावरच्या आगीत ४८४ घरं गेली. त्यांतल्या बहुतेकांवर लाकडी फळ्यांची छपरं होती आणि जळत्या फळ्याच उडून पुढची घरं पेटवत होत्या. कारण उघड होतं, कुणालाही दिसण्यासारखं. तरी शहरानं लाकडी छपरांवर सरसकट बंदी घालायला १९८९ उजाडलं.

हवामान बदलाची चिंता करणारे म्हणतात, की जाळ्या आणि पन्हळींची चर्चा ही खऱ्या गुन्हेगारांवरून लक्ष उडवणारी आहे. तेल आणि कोळसा थांबवला नाही तर काहीच वाचणार नाही. उत्सर्जन थांबवण्याची मागणी शंभर टक्के बरोबर आहे. पण आज उत्सर्जन थांबलं तरी पुढची कित्येक दशकं सांता आना वारे तापलेल्या, सुकलेल्या रानावरूनच येणार. दोन्ही कामांचा काळ वेगळा आहे: एक पिढ्यांचं, दुसरं येत्या ऑक्टोबरचं.

आपल्याकडे या प्रश्नाचं रूप वेगळं आहे, पण बेरजेवर विसंबण्याची चूक सारखीच आहे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून कोकणाला वणव्याचा प्रदेश कुणी म्हणत नाही. तोच पाऊस सड्यावर कमरेएवढं गवत वाढवतो, ऑक्टोबरनंतर ते वाळतं आणि फेब्रुवारी ते मे या काळात आंबा-काजूच्या बागा त्या गवतातून येणाऱ्या आगीनं जळतात. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत आगी भडकल्या, तेव्हा विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली. तिथेही आदल्या पावसाळ्याच्या आकड्यावरून हे कुणाला कळलं नसतं. जांभ्याच्या भिंतींच्या, कौलारू घरांच्या गावांना लाहायनाची भीती नाही. पण दापोलीपासून गोव्यापर्यंत सड्यांवर गवताला लागून बांधल्या जाणाऱ्या लाकडी कॉटेजेसच्या आणि रिसॉर्टच्या मालकांनी वळचण आणि कुंपण हे शब्द आत्ताच मनावर घ्यावेत.

कॅलिफोर्नियात आता पुन्हा बांधकाम सुरू आहे. तिथे २००८ पासून धोक्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना न जळणारं छप्पर, निखारे अडवणारे झरोके आणि उष्णता सोसणाऱ्या काचा सक्तीच्या आहेत. पॅराडाइजच्या आगीनंतर वृत्तपत्रांनी सरकारी नोंदी तपासल्या तेव्हा २००८ नंतर बांधलेल्या घरांपैकी जवळपास निम्मी धक्का न लागता उभी होती. त्याआधीच्या घरांमध्ये हे प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी होतं. म्हणजे नियम काम करतात, पण ते फक्त नव्या घरांना लागू आहेत आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली बहुसंख्य घरं जुनी आहेत. राखेवर उभं राहणारं नवं घर सुरक्षित असेल आणि त्याच्या शेजारचं, योगायोगानं वाचलेलं १९४० सालचं घर मात्र उघड्या झरोक्यांचं आणि लाकडी कुंपणाचंच राहील. पुढच्या वेळी तेच पेटेल, तासन्‌तास जळेल आणि चार मीटरवरच्या नव्या घराच्या या काचाही तडकवेल. म्हणून सरकारी अनुदानाचा पहिला हक्क या वाचलेल्या जुन्या घरांचा आहे, आणि त्यांतही अल्टाडेनाच्या पश्चिमेसारख्या, छप्पर बदलायला पैसे नसलेल्या वस्त्यांचा. ज्या विमा कंपन्या एकेका पिनकोडमधून काढता पाय घेत आहेत, त्यांनीही पिनकोड बघण्याऐवजी रांगेतल्या घरांचे झरोके मोजावेत आणि सगळ्या रांगेनं काम केलं असेल तिथे विमा नाकारू नये, अशी सक्ती राज्यानं करावी.